मास्तरणीची टोपली

४ मार्च

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. या घराचा नंबर दिसला की तू फोन पालथा घालून ठेवत असशील, मला काय माहीत नाही का? सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला की मीही तेच करते. पत्र तरी हातात पडेल. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड.

तुझी खुशाली विचारत नाही. तू चांगलीच असणार. बेकरीत बसून केकवर गुलाब काढणाऱ्या माणसाला काय धाड भरलीय? पत्रात 'आम्हीही येथे खुशाल आहोत' असं लिहायची पद्धत असते. आम्ही खुशाल नाही. म्हणजे मी आहे ती आहे, बाबा आहेत तसे आहेत, आणि मास्तरीण मरायला टेकली आहे.

बसलीस ना मटकन खाली? बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी तुला कळवलं होतं. तू उलट कार्ड टाकलंस, 'काळजी घे. मास्तरीण कशी आहे?' ते कार्ड मी जपून ठेवलंय. म्हणून आज सुरुवातच तिच्यापासून करते, तुझा वेळ वाया जायला नको.

तर तिच्या पोटात पाणी झालंय. पोट इतकं फुगलंय की दोन्ही पाय बाजूला फाकतात आणि ती मधल्या मध्ये बसून राहते. तुरा जांभळा पडलाय. चोच उघडी टाकून श्वास घेते. रोज सकाळी अंगणात प्रत्येक कुंडीपाशी थांबून मान वाकडी करून बघायची, बाबांच्या चपलेवर चोच मारायची, जसं काही आम्ही सगळ्यांनी गृहपाठ केला नाही. ते बंद झालंय. आता टोपलीत असते आणि आम्हाला लांबूनच बघते.

म्हातारी झाली, दुसरं काय? आपल्या कोंबड्यांच्या दुकानात आलेल्या कुठल्या कोंबडीनं इतकी वर्षं बघितलीत? पण नुसतं म्हातारपण असतं तर मी तुला लिहिलं नसतं. तिला दुखतंय. बाबा दिवसभर तिच्यासमोर स्टूल टाकून बसतात. काल म्हणाले, "हिला मोकळं करायला पाहिजे." मी म्हटलं, "मग करा." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी घाण बोलले.

दुकानाचा नियम तू विसरली नसशील. भरवणारा हात कापत नाही. बाबांनी तो आपल्याला लहानपणीच लावून दिला. पक्षी हात ओळखतो, ज्या हातानं दाणा टाकला त्याच हातात सुरी दिसली की सगळा पिंजरा बिथरतो, मग एक पक्षी जवळ येत नाही. म्हणून मी दाणे घालायचे आणि तू कापायचीस. मास्तरीण तुझ्या खांद्यावर बसायची, तुझ्या मांडीवर डोळे मिटायची, सगळे म्हणायचे धाकटीची कोंबडी, धाकटीची कोंबडी. पण दाणा माझ्या हातचा. तू एकदा चोरून मूठभर टाकायला गेलीस तर बाबांनी तुझा हात धरून मागे ओढला होता. आठवतं? सुरीचा हात, म्हणाले, भरवायचा नाही.

तू गेल्यावर, दुकान बंद झाल्यावर, तिला मी भरवलं आणि बाबांनी भरवलं. म्हणजे आता या घरातला एकच हात उरला, तिला कधी न भरवलेला. काल बाबा म्हणाले, "धाकटीला बोलव. तिचा हात चालेल."

तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव काढलं त्यांनी. कोंबडीसाठी का होईना. मी म्हटलं, लिहून बघते.

तुझी ताई

ता. क. कारखाना हलतोय. महिनाअखेर सगळी मशीनं ट्रकमध्ये चढणार आणि दुसऱ्या गावी जाणार. तुला काय त्याचं, सहज सांगितलं.


१० मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. 'जनावरांच्या डॉक्टरला बोलाव. एक इंजेक्शन देतात, तिला कळणारही नाही. मी येणार नाही. तू मला हे विचारूच कसं शकतेस?'

वा, किती सोपं केलंस! इतक्या लांबून इतका शहाणपणा, तोही एका कार्डात. डॉक्टर गावाला गेलाय, कधी येईल सांगता येत नाही म्हणे. आणि बाबा सुईला तयार नाहीत. सुई म्हणजे परक्याचा हात, म्हणतात. त्यांच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते निघत नाही, हे तुला मी सांगायचं का? तुझ्या गालाला विचार.

'विचारूच कसं शकतेस' असं लिहिलंयस म्हणून सांगते. ज्या दिवशी तू सुरी ओंडक्यात रोवलीस आणि म्हणालीस, "मी यापुढे एकही मान कापणार नाही, दुकान तुम्हाला लखलाभ", त्या दिवशी मी तिथेच होते. दाण्याचं भांडं हातात घेऊन. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली, पिशवी उचलून रस्त्यावर भिरकावली, तेव्हाही होते. त्या पिशवीतून पडलेले तुझे कपडे कोणी गोळा केले? तू तर वळूनही बघितलं नाहीस. तुला वाटलं असेल, ताई काही बोलली नाही. बोलायला माझं तोंड रिकामं नव्हतं, धाकटे. कोणाला तरी मागे राहायचं आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तो घास गिळत होते.

तू कापायचं सोडलंस ना? मग आता तुझ्या हातातली सुरी क्रीम पसरते. छान आहे. पण सुरी ती सुरीच.

मास्तरीण कालपासून खात नाही. पाव दुधात भिजवून बोटानं चोचीत घालते तर बाजूनं ओघळतो. पाणी पिते. पाणी प्यायली की पोट आणखी फुगतं, आणि नाही प्यायली तर जीभ बाहेर काढते. रात्रंदिवस एक बारीक आवाज काढत असते, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. मी कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करून येते, मशीनच्या आवाजानं कान बधिर होतात, पण तो आवाज मात्र घरात शिरल्या शिरल्या ऐकू येतो.

बाबांचं विचारत नाहीस म्हणून सांगत नाही. तरी सांगते. हात फार थरथरतात. चहा बशीत ओतताना निम्मा टेबलावर. बाथरूममध्ये पडल्यापासून घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या मी काढून टाकल्यात, न जाणो आत पडले तर. त्यामुळे आता मी आंघोळ करत असले तरी ते दार ढकलून विचारतात, "टॉवेल कुठे ठेवलाय?" हसलीस? हस. मला नाही हसू येत.

तुझी ताई


१६ मार्च

धाकटे,

सहा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. ठीक आहे.

आज सकाळी मास्तरणीनं टोपलीतून बाहेर यायचा प्रयत्न केला. का, देव जाणे. कडेवर छाती टेकवली आणि तशीच पालथी पडली. पोटावर. तेव्हा जशी ओरडली तसं मी आयुष्यात कोंबडीला ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि मी कोंबड्यांमध्येच वाढले आहे. बाबांनी कानांवर हात ठेवले. मी उचलून परत ठेवलं. पोटाची कातडी इतकी ताणलीय की पिसं विरळ दिसतात आणि आत पाणी हललेलं हाताला कळतं.

तुझ्या हातचं काम एका झटक्यात व्हायचं. पक्ष्याला कळायचंसुद्धा नाही. बाबा स्वतः म्हणायचे की माझ्यापेक्षा हिचा हात हलका आहे. गिऱ्हाइकं रांगेत थांबायची, "धाकटीकडूनच कापून द्या हो." मला अख्ख्या आयुष्यात कोणी म्हटलं नाही की हे थोरलीकडूनच द्या. दाणे काय, कोणीही टाकतं. हे तुला टोचून लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. मला तुझा हेवा वाटायचा. रक्तानं माखलेल्या ॲप्रनमध्ये तू उभी असायचीस आणि बाबा तुझ्याकडे बघायचे, तेव्हाही वाटायचा.

तो हलका हात आज केकवर गुलाब काढतोय आणि इथे तुझी कोंबडी उघड्या चोचीनं दाराकडे बघतेय.

येतेस की नाही, तेवढं लिही. बाकी तुझा शहाणपणा बेकरीत ठेव. पण महिना संपायच्या आत ये. त्यानंतर येऊन उपयोग नाही.

ताई


२१ मार्च

लाडके धाकटे,

तुझं कार्ड हातात पडलं आणि मी तिथेच, पोस्टमनच्या समोर, पायरीवर बसले. 'एकतीसला सकाळच्या गाडीनं येते. बेकरीत त्याआधी सुट्टी देत नाहीत. तिला कोणी हात लावू नका. मी आल्यावर नीट करीन. मग लगेच परत जाईन.' चारदा वाचलं. शेवटचं वाक्य वाचलं नाही असं समजते.

बाबांना सांगितलं तर त्यांनी गालांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दाढीचं सामान आण." दोन महिन्यांची दाढी, ग! मी कात्रीनं कमी केली, मग वस्तरा फिरवला. खालून तोच चेहरा निघाला, फक्त कातडी एक माप मोठी झालीय. मग म्हणाले, "सुरी काढ." दुकानातली ती लांब सुरी मी तेल लावून माळ्यावर ठेवली होती. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि धारेच्या दगडावर घासत बसले. हात थरथरतो, धार लागत नाही, पण ऐकतात कोणाचं? "धाकटीला बोथट सुरी चालत नाही," म्हणाले. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं.

तू आल्यावर मागच्या खोलीत झोप, तिथे वारा येतो. तुझी जुनी चादर धुऊन वाळत घातलीय. बाबांच्या औषधाच्या गोळ्या कुठे असतात, त्यांना कशावर चिडायला होतं, टाकीचा नळ कोणत्या बाजूला पिळायचा, हे सगळं आल्यावर कळेलच. किती दिवस राहायचं ते मग ठरवू. घाई कशाला?

मास्तरीण तशीच आहे. टिकेल. मी टिकवते तिला. पाण्यात साखर घालून थेंब थेंब देते, रात्री टोपलीत गरम पाण्याची बाटली ठेवते. समोरची इस्त्रीवाली म्हणाली, "अहो ताई, त्या मुक्या जिवाला कशाला धरून ठेवलंय?" मी म्हटलं, "तिची लेक येतेय भेटायला." हसली. तुला माहीत आहे ना ही बाई, हिला कोणाच्याही घरात डोकावल्याशिवाय इस्त्री तापत नाही.

गाडीत खिडकीशी बस, तुला मळमळतं.

तुझीच ताई


२६ मार्च

धाकटे,

दोन ओळी लिहिते. एकतीसला नक्की ये, बेत बदलू नकोस.

मास्तरीण शांत आहे. आता ओरडत नाही.

बाबांचं जेवण थोडं कमी झालंय. उन्हानं असेल. आल्यावर त्यांना काही विचारू नकोस. तू समोर दिसलीस म्हणजे खातील.

समोरच्या इस्त्रीवालीशी बोलत उभी राहू नकोस. सरळ घरात ये. टोपली पुढच्या खोलीत दाराशीच असेल, फडकं घातलेली.

ताई


३१ मार्च, सकाळ

धाकटे,

टोपलीवरचं फडकं काढलंस आणि खाली हे पत्र मिळालं. इकडेतिकडे शोधू नकोस. मास्तरीण पंचवीस तारखेला गेली. मागच्या अंगणात नळाजवळ, जिथे ओल्या मातीत पंख पसरून लोळायची, तिथे मी तिला पुरलीय.

आधी हात टेकून बस. ओरडायचं असेल तर ओरडून घे. मग पुढचं वाच, कारण पुढचं सगळं तुझ्या कामाचं आहे.

डॉक्टर गावाला गेला नव्हता. मी तुला पहिलं पत्र लिहिण्याच्याही आधी, बाबांनीच इस्त्रीवालीच्या हाती निरोप धाडून त्याला बोलावलं होतं. बाबा सुईला कधीच नाही म्हणाले नव्हते. उलट म्हणाले होते, "चला, कोणाचा हात नको की काही नको. सुटेल बिचारी." डॉक्टर पेटी घेऊन फाटकापर्यंत आला. मी कारखान्यात निघाले होते. मी त्याला फाटकातच गाठलं आणि सांगितलं, कोंबडी मेली, आता काय उपयोग? तो परत गेला. आत येऊन बाबांना सांगितलं, डॉक्टर म्हणतो, आता सुईचा काही उपयोग नाही, देत नाही म्हणाला. त्यानंतर बाबा म्हणाले, "मग धाकटीला बोलव." आणि हेच तर मला हवं होतं.

त्या दिवशी सुई दिली असती तर तू आली असतीस? तुला मी ओळखते. 'बाबा थकलेत, माझ्याच्यानं होत नाही, ये' असं लिहिलं असतं तर तू 'काळजी घे' म्हणून कार्ड टाकलं असतंस. तू त्यांच्यासाठी येणार नव्हतीस, माझ्यासाठी तर नाहीच. जिच्यासाठी येणार होतीस तिला मी जिवंत ठेवलं. ती किती दिवस दुखत होती, हे तुला मी लिहिलं ते सगळं खरं आहे. एक अक्षर वाढवलेलं नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

मी कारखान्याबरोबर जातेय. मशीनं आज ट्रकमध्ये चढतात आणि आम्ही बायका मागच्या बसमध्ये. तिथे राहायला खोली आहे. लहान आहे, एक पलंग, एक खिडकी, आणि दाराला आतून कडी. मालकीणबाईंना मी एवढंच विचारलं होतं, कडी आहे का? त्या म्हणाल्या, कडी नसायला काय झालं? त्यांना काय सांगू?

आता पंचवीस तारखेचं. मी कारखान्यात होते. इस्त्रीवाली बाबांचे कपडे द्यायला आली. मास्तरणीचा आवाज ऐकून म्हणाली, "अग बाई, अजून हिची सुटका नाही? ताईंनी त्या दिवशी डॉक्टरला फाटकातून परत कशाला पाठवला, मेली म्हणून?" मनात काही नव्हतं तिच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबांनी तिला म्हटलं, कपडे ठेव तिथे. मग टोपली उचलून, भिंतीला धरत धरत, मागच्या अंगणात गेले. सुरी घेऊन. इस्त्रीवाली मागोमाग गेली, म्हणून मला कळलं तरी. तिनं सांगितलं की बाबांनी टोपलीत हात घातला तेव्हा मास्तरणीनं हात ओळखला. कितीतरी दिवस मान टाकून पडलेली ती कोंबडी, तिनं मान वर केली आणि हाताकडे पुढे केली. दाणा असेल म्हणून.

नियम कशासाठी होता, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मला वाटायचं, पक्षी बिथरू नयेत म्हणून. तो पक्ष्यांसाठी नव्हताच.

त्यांचे हात कसे आहेत ते तुला लिहिलंच आहे. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. इस्त्रीवाली पुढचं सांगत होती, मी म्हटलं, पुरे. मी आले तेव्हा बाबा नळाशी बसले होते, नळ वाहत होता, आणि ते हात धूत नव्हते. मांडीवर ती होती. मी म्हटलं, "बाबा, काय केलंत हे?" त्यांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं. म्हणाले, "भरवणारा हात असा नसतो."

क्षणभर मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतायत. नाही, ग. माझ्याबद्दल बोलत होते.

त्या दिवसापासून ते जेवले नाहीत. स्वतःच्या हातानं खात नाहीत, हात पाठीमागे घेतात. चहा पितात, कपाला तोंड लावून, मी टेबलावर ठेवून बाजूला झाले की. मी चमचा पुढे केला तर तोंड मिटून भिंतीकडे फिरतात. एकदा मी हनुवटी धरली आणि जबरदस्तीनं घास कोंबला. माझंही डोकं फिरलं होतं. त्यांनी तो माझ्या पदरावर थुंकला. मग मीही बोलले, जे बोलायचं नाही ते बोलले. म्हटलं, "तुमच्या लाडकीनं तीन वर्षांत एक घोट पाणी दिलंय का तुम्हाला? माझ्या हाताला नाव ठेवता?" ते म्हणाले, "धाकटी येईल. ती भरवेल."

मला वाईट वाटलं का? वाटलं. मास्तरणीसाठी वाटलं, तिला दाणे मी घातले होते, तुझ्यापेक्षा ती माझी होती. पण त्या संध्याकाळी तिला पुरून हात धुतले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता धाकटी येणार नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तुला कोणी ना कोणी कळवेलच. मी बाबांना विचारलं, काय करू? भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "कळवू नकोस. शांत आहे असं लिही." म्हणजे ते वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. खायला माझा हात नको, खोटं लिहायला चालला.

तेव्हा आता तूच. घरात तीन हात होते. त्यांच्या हातानं नियम मोडला, माझा त्यांनी बाद केला. उरला तुझा. तुला लहानपणी दाण्याच्या डब्याला हात लावू दिला नाही ना, आता लाव. रोज तीनदा लाव. चमचा फडताळात वरच्या खणात आहे, लहान घे, मोठ्यानं ठसका लागतो. पावाच्या कडा काढून टाकायच्या. गोळ्या डबीत आहेत, पांढरी सकाळची. रागावले की पाणी मागतात, तहान नसते, फक्त कोणीतरी उठावं म्हणून. उठायचं. टाकीचा नळ डावीकडे पिळ, उजवीकडे पिळलास तर हातात येतो.

'मग लगेच परत जाईन' असं तू लिहिलंयस. जाऊन बघ. तुझ्या हातचा पहिला घास त्यांनी खाल्ला की जायचं कसं, ते मला कळव. मला तर कधी जमलं नाही. आज जमतंय, ते त्यांनी माझा घास थुंकला म्हणून.

सुरी मी बरोबर नेते आहे, वाटेत पुलावरून टाकून देईन. घरात नको. मी तुझ्यावर एवढाच उपकार करते आहे, आणि सहा महिन्यांनी तुला तो पटेल.

माझ्या बसची वेळ झालीय. निघायच्या आधी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. बॅग हातात होती. आईची ती मोठी तपकिरी बॅग, पट्टा बांधलेली. दिसली नाही असं होणार नाही. मी म्हटलं, "बाबा, मी निघते." ते अंथरुणात बसले होते, स्वच्छ सदरा घालून, दाराकडे तोंड करून. म्हणाले, "दार लोटू नकोस. तिला बंद दिसायला नको."

मी थांबले. चपलेचा बंद नीट होता, तरी वाकून पुन्हा बांधला. कुठे चाललीस, एवढं विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. कदाचित गेलेही नसते, हे तुला म्हणून सांगते. वर बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मी म्हटलं, "काय, बाबा?"

"पाव मऊ भिजव," म्हणाले. "धाकटीला अंदाज नाही."

भिजवलाय. वाटी टेबलावर झाकून ठेवलीय. हात धू आणि गार व्हायच्या आत भरव.

ताई